मी सुस्त नव्हते

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर खानापूरचं, मराठी. सासर बेळगावात, पण सासूबाई मूळच्या बैलहोंगलच्या, त्यामुळे स्वयंपाकघरातली भाषा कन्नड. मी त्यांना अत्ती म्हणते. लग्नाला वीस वर्षं झाली, आता स्वप्नंसुद्धा अधूनमधून कन्नडमध्ये पडतात. अशा घरात काही शब्दांची गंमत होते. शब्द दोन्हीकडे तोच, अर्थ मात्र निराळा. 'सुस्त' हा त्यातलाच एक. मराठीत सुस्त म्हणजे आळशी, जागचा न हलणारा. कन्नडमध्ये 'सुस्त आगेति' म्हटलं की त्याचा अर्थ थकवा आलाय, अंगात त्राण उरलं नाही. मूळ शब्द फारसी, दोन्ही भाषांनी तो आपापल्या परीनं वापरला.

२०२४ च्या हिवाळ्यात या एका शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्या वाट्याला आले. आई फोनवर म्हणायची, "किती सुस्तावलीस गे! जरा उठ की, फिरून ये." आणि अत्ती दारातून डोकावून विचारायच्या, "सुस्त आगेति एन्?" एकीला वाटत होतं मी उठत नाही, दुसरीला दिसत होतं की मला उठवत नाही. खरं कोणाचं, हे कळायला पाच महिने लागले.

थोडं मागे जायला हवं. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील गेले. शेवटचं दर्शनही झालं नाही. पुढचे काही महिने मी वर्गात जात होते, इतिहास शिकवत होते, घरी येऊन भिंतीकडे बघत बसत होते. ऑगस्टमध्ये नवऱ्याने मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एसिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दोन महिन्यांत मला पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं. त्या गोळीबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे आधीच सांगते. कारण पुढचं वाचून कोणी घरातल्या माणसाची गोळी बंद करायला निघू नये.

२०२३ च्या दिवाळीनंतर गुडघे आणि बोटांचे सांधे धरू लागले. फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. अत्तींचे गुडघे तर जुनेच दुखरे. त्यांच्या माहेरच्या ओळखीतून एक इसम आठवडी बाजाराला यायचा आणि कागदाच्या पुड्या द्यायचा. सकाळी एक, मधातून. 'झाडपाल्याचं औषध, काही अपाय नाही.' मी एम. ए. झालेली बाई, विद्यार्थ्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी. पण त्या पुडीवर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, याचा मी एकदाही विचार केला नाही. जानेवारी २०२४ पासून अत्तींच्या बरोबरीनं मीही घेऊ लागले.

आठ दिवसांत गुडघे मोकळे झाले. भूक वाढली. पहाटे पाचला जाग यायची आणि मी कपाटं आवरायला घ्यायची. गाल भरले, चेहऱ्यावर गोलाई आली. लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक बाई म्हणाली, "तब्येत छान सुधारली हं!" आणि मलाही तसंच वाटत होतं. इतकं छान वाटत होतं की आता मनाची गोळी कशाला हवी, असं मीच ठरवून टाकलं. १२ ऑक्टोबर २०२४, दसरा. सीमोल्लंघनाचा दिवस. डॉक्टरांना न विचारता, नवऱ्याला न सांगता मी गोळीची पट्टी कपाटात मागे सारली. आजपासून बंद!

चौथ्या दिवशी डोक्यात झिणझिण्या सुरू झाल्या. मान वळवली की कानामागून विजेचा हलका झटका जावा तसं. चक्कर, चिडचिड, रात्री विचित्र स्वप्नं. एकदा एका विद्यार्थिनीवर असा आवाज चढवला की ती रडायला लागली. हे सारं गोळी अचानक सोडल्यामुळे होतं, हे मला कुठेतरी वाचून माहीत होतं. मी दात-ओठ खाऊन सहन केलं आणि तीन आठवड्यांत ते ओसरूही लागलं.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर पुड्यांचा तो इसम बाजाराला यायचा बंद झाला. माझा साठा नोव्हेंबरच्या मध्यावर संपला. गुडघे बरेच आहेत, बघू पुढे, असं म्हणून मी ते सोडून दिलं. विसरूनच गेले म्हणा ना.

आणि मग अंग गेलं.

अंग आणि मन

हा थकवा वेगळा होता. दिवसभर राबल्यावर येतो तसा नव्हता, आणि २०२१ मध्ये आला होता तसाही नव्हता. फरक नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण पुढे सगळं याच फरकावर अवलंबून होतं. नैराश्यात मला काहीच नको असायचं. समोर मांडे वाढले तरी इच्छा नाही, मुलाला शाळेत बक्षीस मिळालं तरी आनंद नाही. आता तसं नव्हतं. मला बाजारात जायचं होतं, नवीन पुस्तक वाचायचं होतं, मुलाच्या खोड्यांवर हसू येत होतं. पण वेणी घालायला हात वर केले की ते खाली यायचे. आंघोळ करून आले की पलंगावर अर्धा तास पडून राहावं लागायचं. सकाळ सगळ्यात वाईट. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, अन्न बघून मळमळ, आणि सांधे तर पूर्वीपेक्षा दुप्पट दुखायला लागलेले. मन उठून उभं असायचं, अंग मात्र उठत नव्हतं.

घरात एव्हाना गोळी बंद केल्याचं कळलं होतं. मग काय, सगळ्यांना कारण सापडलं. जाऊबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकाचं एकच, 'मनाची गोळी सोडली ना, मग असंच होणार.' मलाही ते पटलं. डिसेंबरमध्ये मान खाली घालून मी मानसोपचारतज्ज्ञांपुढे बसले.

ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मॅडम, सीमोल्लंघन पायऱ्यांनी करायचं असतं, तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत." मग त्यांनी कागदावर एक वक्र रेषा काढून दाखवली. या गोळ्यांचा मेंदूवरचा परिणाम मात्रेच्या सरळ प्रमाणात नसतो. १० वरून ५ मिलिग्रॅमवर येताना जो फरक पडतो, त्याहून ५ वरून शून्यावर येताना पडणारा फरक कितीतरी मोठा असतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या जास्त लहान आणि सावकाश उतरायच्या. लंडनच्या मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिएट्री' या नियतकालिकात हे मांडलं. २०२० मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सामान्य लोकांसाठी त्यावर पत्रकही काढलं. कोणाला काही आठवडे लागतात, कोणाला कित्येक महिने.

त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "फरक?" मी म्हटलं, "झिणझिण्यांचा मागमूस नाही, पण अंग तसंच." ते जरा वेळ गप्प राहिले. "गोळी सोडल्याचा त्रास असता, तर गोळी परत घेतल्यावर तो कमी व्हायला हवा. एकदा फिजिशियनना दाखवा." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते. पण कॉलेजच्या परीक्षा होत्या, आणि 'गोळी लागू पडायला वेळ लागतो' असं घरातल्या सगळ्यांचंच म्हणणं होतं.

जानेवारीत एका चुलतभावाने कुठल्याशा पॅकेजमध्ये माझ्या रक्ताच्या एकदम साठ-सत्तर तपासण्या करवल्या. रक्त घेतलं संध्याकाळी पाचला, कॉलेज सुटल्यावर. त्यात 'कॉर्टिसोल' नावासमोर खाली दाखवणारा बाण होता. त्याच भावाच्या ओळखीच्या कोणी 'ॲड्रिनल थकवा' असं निदान करून अठराशे रुपयांचा पावडरचा डबा गळ्यात मारला. मी तो रिपोर्ट आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "संध्याकाळी हे कमीच असतं, यावरून काही ठरत नाही." त्यांचं अगदी बरोबर होतं. फक्त 'मग सकाळी करून बघू' असं कोणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मूत्रपिंडावरच्या दोन टोप्या

हे कॉर्टिसोल काय प्रकरण आहे, ते मला नंतर समजलं. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते, वजनाला चार-पाच ग्रॅम. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिथे कॉर्टिसोल तयार होतं. रक्तदाब टिकवणं, रक्तातली साखर खाली जाऊ न देणं, ताप, जखम, धक्का यांना तोंड द्यायचं बळ शरीराला देणं, ही त्याची कामं. पहाटेपासून ते रक्तात वाढू लागतं, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणून त्याची तपासणी सकाळी आठच्या आसपास करायची. या ग्रंथींना कामाला लावते ती मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी. तिचा निरोप आला की इथे काम सुरू.

या ग्रंथी निकामी होण्याचा आजार प्रथम नीट वर्णन केला तो लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी, १८५५ मध्ये, ११ रुग्णांच्या नोंदींवरून. त्यांच्या काळात क्षयरोगाने ग्रंथी पोखरल्या जाण्याचं प्रमाण मोठं होतं. त्या आजारात कातडी काळवंडते आणि मीठ खावंसं वाटतं. माझं तसं काहीच नव्हतं. ते का, ते पुढे येतंय.

'ॲड्रिनल थकवा' मात्र निराळी गोष्ट आहे. ताणामुळे या ग्रंथी 'दमतात' आणि म्हणून माणूस दमतो, असा हा समज. ब्राझीलच्या काडेजियानी आणि काटेर या दोन डॉक्टरांनी २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासून पाहिले, त्यांना या निदानाला आधार सापडला नाही. माझा अठराशेचा डबा अर्धा तसाच आहे. त्याच्यावर तरी निदान लेबल आहे, म्हणून ठेवलाय!

फेब्रुवारी २०२५ मध्ये घरात सगळ्यांनाच जुलाब-उलट्यांची साथ आली. बाकीचे दोन दिवसांत उठले. मी तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात कोसळले. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब ८०/५०, रक्तातलं सोडियम १२६. ते १३५ च्या वर असायला हवं. सलाईन लावलं, दोन दिवसांनी मी बसती झाले. नैराश्यावरच्या या गोळ्यांनी काहींचं सोडियम उतरतं, हे खरं आहे. त्यामुळे घरी पाठवतानाच्या कागदावर कारण म्हणून पुन्हा तीच गोळी, आणि 'बंद करावी' असा शेरा. एकदा ती सोडली म्हणून मी आजारी, आता घेतली म्हणून आजारी. फाइलवर 'मानसोपचार चालू' असं लिहिलेलं असलं, की पुढचं कोणी वाचत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. त्या दवाखान्यातल्या लोकांनी मला वाचवलं, हेही तितकंच खरं आहे, म्हणून तक्रार करायला जीभ रेटत नाही.

शेवटी पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांनीच हात धरून वाट दाखवली म्हणायची. कागद वाचून त्यांनी थेट हॉर्मोनच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "हे मनाचं नाही. मी मनाचा डॉक्टर आहे, म्हणून सांगतो."

पुडी-गिडी

हॉर्मोनचे डॉक्टर धारवाडकडचे. सकाळी आठला रक्त घेतलं. कॉर्टिसोल १.९. "तीनच्या खाली असेल तर शंकेला फारशी जागा राहत नाही," ते म्हणाले. पियुषिकेचा निरोपही जवळपास बंद होता. म्हणजे दोष त्या दोन टोप्यांचा नव्हता, वरूनच हुकूम येत नव्हता. मग मेंदूचा एमआरआय झाला. त्यात काही नाही. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, कधी स्टेरॉइड घेतलंय का? गोळी, इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेवरचं मलम? मी ठामपणे म्हटलं, नाही.

ते क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग आपल्या बोलीवर आले. "मॅडम, पुडी-गिडी एनार तगोंडीरेन्री?"

कन्नडमध्ये 'पुडी' म्हणजे भुकटी. मराठीत पुडी म्हणजे कागदाची छोटी गुंडाळी. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही एकदम आलं. मधाची बाटली, चमचा, चुरगळलेला कागद, पिवळसर भुकटी. मी काही बोललेच नाही. नवरा म्हणाला, "हो. दहा महिने."

अशा बेनाव पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टेरॉइडं कुटून घातलेली वारंवार सापडतात, असं त्यांनी सांगितलं. ही सगळी कॉर्टिसोलचीच भावंडं, काही तर त्याच्यापेक्षा कितीतरी पट जोरकस. घरात रोज बाहेरून डबा येऊ लागला की चूल पेटवायचं कोणी बघत नाही, तसं हे. बाहेरून आयतं येतंय म्हटल्यावर पियुषिका निरोप धाडायचं सोडून देते आणि इकडे ग्रंथी बसल्या बसल्या सुकतात. आणि मग एके दिवशी डबा यायचा बंद होतो. कातडी काळवंडली नाही तीही याच कारणानं: ॲडिसनच्या आजारात पियुषिका हाका मारून थकते आणि त्या जादा हाकांनीच रंग बदलतो. माझी तर हाकच बंद पडली होती.

सगळ्या गोष्टी मागे मागे जुळत गेल्या. गालांवरची गोलाई, पहाटे पाचची कपाटं, ती भूक, तो हुरूप. स्टेरॉइड काहींना असा खोटा उत्साह देतं. म्हणजे ज्या हुशारीच्या भरात मी मनाची गोळी सोडली, ती हुशारीही पुडीचीच होती. दोन औषधं महिन्याभराच्या अंतरानं सुटली. त्यातल्या एकाला नाव होतं, म्हणून सगळा आळ त्याच्यावर गेला.

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. जगभर जल्लोष झाला, १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढे त्याच रुग्णांचे सुजलेले चेहरे आणि इतर दुष्परिणाम दिसू लागले आणि या औषधाला लगाम घालावा लागला. आमच्या बाजारात पंचाहत्तर वर्षांनंतरही पहिलाच अंक चालू आहे.

दुसऱ्या दिवसापासून हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं. उठल्याबरोबर १० मिलिग्रॅम, दुपारी एकला ५. म्हणजे ज्यानं हे झालं, त्याच्याच घराण्यातलं औषध, पण मोजून-मापून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभी राहून सलग वेणी घातली. मुलगा मागून बघत होता. "आई, हात दुखले नाहीत?" एवढंच म्हणाला.

पण त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात वेगळंच होतं. अत्ती. त्या तर माझ्याही आधीपासून पुड्या घेत होत्या, आणि त्यांच्याकडे हॉर्लिक्सच्या बरणीत साठा होता. दोन वर्षांत त्यांची साखर का वाढत गेली, हे कोडं होतं. मी घरी फोन करून 'ती बरणी गटारात ओता' असं सांगणार होते. डॉक्टरांनी दारातच अडवलं. "एकदम बंद करू नका. त्यांचं वय सत्तरच्या पुढे. उद्या सकाळी त्यांना घेऊन या, आज नेहमीप्रमाणे घेऊ द्या." त्या रात्री मी स्वतःच्या हातानं ती भुकटी मधात कालवून त्यांना दिली. आयुष्यात इतका जड चमचा मी उचललेला नाही.

अत्तींना सांगणं सर्वांत अवघड गेलं. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि म्हणाल्या, "मीच आणून दिलं ना तुला." त्यांना पुडीच्या जागी मोजक्या मात्रेची गोळी दिली आणि ती आठ महिन्यांत हळूहळू उतरवत आणली. साखर बरीच खाली आली. गुडघे दुखतात. माझेही दुखतात. हाडांच्या डॉक्टरांनी झीज आहे म्हणून सांगितलंय. मांडीचे व्यायाम आणि गरम पाण्याचा शेक चालू आहे.

आता रोजचं जगणं कसं? बहुतेक दिवस साधंच. गोळी उशाशी, तांब्याशेजारी. ती घेतल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही. ताप आला तर मात्रा दुप्पट करायची, आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणेच. उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घ्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. नवरा ते द्यायला शिकलाय, संत्र्यावर टोचून टोचून. पर्समध्ये मी स्वतः तयार केलेलं कार्ड असतं, कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत: 'मला स्टेरॉइडची गोळी चालू आहे. ती अचानक थांबवू नये.' गेल्या वर्षी अक्कलदाढ काढायला गेले, तेव्हा दंतवैद्यांनी ते कार्ड आधी वाचलं, माझ्या डॉक्टरांना फोन लावला, मगच सुई हातात घेतली. माझी किती वर्षांची भीड त्या फोननं चेपली.

काही दिवस मात्र अजून येतात. परीक्षेचे पेपर तपासायला बसले की दुपारी तीनच्या सुमारास अंग अचानक रितं होतं. मग मी स्वतःला विचारते, काही हवंसं वाटतंय का? चहा, गप्पा, खिडकीबाहेरचा पाऊस? हवंसं वाटत असेल तर तो अंगाचा थकवा, पडून राहायचं. काहीच नको वाटलं, तर ते वहीत लिहून ठेवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. सोडियमच्या प्रकरणानंतर मनाची गोळी पुन्हा सुरू केलेली नाही. तो निर्णय त्यांचा आहे, माझा नाही. सुरुवातीला दर महिन्याला, आता दोन महिन्यांनी ते मला बघतात. वडिलांच्या तिथीच्या आसपास जास्तच. गरज पडली तर पुन्हा घेऊ, हेही ठरलेलं आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

नऊ किलो वजन उतरलं होतं, त्यातलं चार परत आलं. लग्नकार्यात आता तीच बाई विचारते, "डाएट केलंस का गं? काय उतरलीस!"

दर तीन महिन्यांनी सकाळी आठला तपासणी असते. आदल्या दिवशीची दुपारची आणि त्या सकाळची गोळी न घेता जायचं. मार्च २०२५ मध्ये १.९, जूनमध्ये ३.२, सप्टेंबरमध्ये ४.८, डिसेंबरमध्ये ६.६. दुपारची ५ ची गोळी आता बंद झाली आहे. आकडा १० च्या वर गेला की सकाळचीही थांबवता येईल. डॉक्टर म्हणतात, कोणाच्या ग्रंथी सहा महिन्यांत जाग्या होतात, कोणाच्या दोन वर्षांत, घाई करून उपयोग नाही. तपासणीला जाताना मी रिक्षात गळून बसलेली असते. अत्ती हट्टानं बरोबर येतात. रेल्वे फाटकाशी रिक्षा थांबली की हमखास विचारतात, "सुस्त आगेति एन्?" मी म्हणते, "हौदु." मग त्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरीची गुंडाळी काढून हातात देतात. ती रक्त दिल्यावर खायची, आधी नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं पाठ आहे.